तळ्याच्या काठावरील नागरिकशास्त्र

महामानव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या समाजाला नवे नाही. जन्मापासून महापरिनिर्वाणापर्यंतचे प्रसंग आपल्या घराघरांत सांगितले जातात, गायिले जातात. त्यामुळे शाळेच्या या स्मरणिकेत तेच प्रसंग क्रमाने पुन्हा मांडण्याचा आमचा हेतू नाही. इतिहास शिकविणाऱ्या माणसाला या चरित्राची एक बाजू फार मोलाची वाटते आणि ती तुलनेने कमी बोलली जाते. बाबासाहेब हे घटनाकार, कायदेपंडित, अर्थशास्त्रज्ञ होतेच; परंतु ते इतिहास आणि नागरिकशास्त्र यांचे असामान्य शिक्षकही होते. त्यांचा वर्ग बहुतेक वेळा चार भिंतींत भरला नाही. तो तळ्याच्या काठी भरला, रणस्तंभापाशी भरला, नाट्यगृहाच्या मंडपात भरला, शेतकऱ्यांच्या परिषदेत भरला. त्यातील एक सर्वांत मोठा वर्ग आपल्या जिल्ह्यात भरला, ही रायगडकरांसाठी अभिमानाची आणि त्याहून अधिक जबाबदारीची गोष्ट आहे.

घरातील शाळा

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते, आणि सैन्यातील शाळेचे मुख्याध्यापकही होते. एका शिक्षकाच्या घरात हे मूल वाढले, हे विसरून चालणार नाही. रामजी कबीरपंथी होते. घरात भजने होत, संतांची पदे म्हटली जात, रामायण-महाभारताचे वाचन चाले. प्रश्न विचारण्याची सवय या मुलाला लागली ती या वाचनातूनच. ज्या कथा आपण रोज ऐकतो त्या कोणी रचल्या, त्यात आपल्यासारख्यांना कोणते स्थान आहे, हा पुढे आयुष्यभर पुरलेला शोध घरच्या अंगणातच सुरू झाला.

7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. ही शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि हा दिवस 2017 पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ज्या मुलाला वर्गात वेगळे बसावे लागले, पाण्याच्या भांड्याला हात लावता आला नाही, त्याच्या शाळाप्रवेशाचा दिवस आज सर्व विद्यार्थ्यांचा दिवस झाला आहे. या एका दिनविशेषात शंभर वर्षांचा इतिहास सामावलेला आहे. फक्त तो उलगडून सांगणारा शिक्षक हवा.

पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमधून 1907 ची मॅट्रिक परीक्षा ते उत्तीर्ण झाले. त्याबद्दल वस्तीत कौतुकाची सभा भरली. अध्यक्षस्थानी होते सीताराम केशव बोले. त्या वेळी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले गौतम बुद्धाचे चरित्र या तरुणाच्या हाती ठेवले. हार, नारळ, पेढे यांबरोबर एक पुस्तक आले आणि त्या पुस्तकाने एका आयुष्याची दिशा पुढे कितीतरी वर्षांनी ठरविली. सत्कार कसा करावा, याचा हा वस्तुपाठ आहे. या सभेचे अध्यक्ष बोले यांचे नावही वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

कोलंबिया, लंडन, ग्रेज इन ही विद्येची शिखरे सर्वांना ठाऊक आहेत. एवढेच सांगितले पाहिजे की, 1915 साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी त्यांनी प्राचीन भारतीय व्यापार हा विषय घेतला होता. अर्थशास्त्राकडे ते इतिहासाच्या वाटेनेही गेले. 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ निघाले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये शाहू महाराजांच्या उपस्थितीत माणगावची परिषद झाली. हे माणगाव कोल्हापूरकडचे, आपल्या रोह्याच्या शेजारचे नव्हे. विद्यार्थी येथे हमखास गोंधळतात म्हणून हा खुलासा.

शिकविण्याची रीत

1927 हे वर्ष पाहिले की बाबासाहेबांची शिकविण्याची रीत स्पष्ट दिसते. वर्षाच्या पहिल्याच दिवशी, 1 जानेवारीला, ते कोरेगाव भीमाच्या रणस्तंभापाशी गेले. 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्या सैनिकांची नावे त्या स्तंभावर कोरलेली आहेत आणि त्यांत महार सैनिकांची नावे आहेत. ज्यांना आपला काही इतिहास आहे हेच ठाऊक नव्हते, त्यांना त्यांनी आपल्या पूर्वजांची कोरीव नावे वाचायला शिकविली.

या रीतीत तीन गोष्टी आहेत. पहिली, स्थळ: इतिहास जेथे घडला तेथे माणसांना नेणे. दुसरी, पुरावा: शिलालेख, ठराव, कायदा, न्यायालयाचा निकाल असे काहीतरी ठोस त्यांच्यासमोर ठेवणे. तिसरी, कृती: ऐकून घरी न जाता त्या ज्ञानाच्या बळावर नागरिक म्हणून एक पाऊल टाकणे. बाबासाहेबांनी लोकांना दिलेला प्रत्येक मोठा दिवस या तीन गोष्टींवर उभा आहे. तारीख ही त्या दिवसाची केवळ खूण असते. हे तिन्ही गळून पडले तर उरते ती फक्त तारीख.

महाड : एक ठराव आणि ओंजळभर पाणी

महाडचा सत्याग्रह आकाशातून पडला नाही. त्याची भूमी आधीच नांगरलेली होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालविली आणि महाड तालुका लोकल बोर्डाचे सभासद म्हणूनही काम केले. दासगाव-महाड परिसरात सैन्यातून निवृत्त झालेली, लिहिता-वाचता येणारी, सरकारी कागद कसा असतो हे जाणणारी माणसे होती.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे मंडळात एक ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेले किंवा सरकारी संस्थांकडून चालविले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांनाही खुले असावेत, असा त्याचा आशय होता. ठराव मांडणारे होते सीताराम केशव बोले. मॅट्रिकच्या कौतुकाच्या सभेचे तेच अध्यक्ष. पुढे जानेवारी 1924 मध्ये सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्या पाण्याला हात लावता आला नाही. अन्य धर्मीयांना त्या तळ्यावर मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो फक्त याच माणसांना.

कायदा असणे आणि हक्क मिळणे यांत अंतर असते, हा नागरिकशास्त्रातील सर्वांत अवघड धडा आहे. तो पाठ्यपुस्तकातून शिकविता येत नाही. बाबासाहेबांनी तो महाडला शिकविला. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंत विनायक चित्रे, टिपणीस, संभाजी तुकाराम गायकवाड अशा जिल्ह्यातील आणि मुंबईतील कार्यकर्त्यांनी रान उठविले आणि 19 व 20 मार्च 1927 रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. जागा होती विरेश्वर थिएटर. जेथे एरवी नाटके होत, तेथे हजारो खेडुतांनी स्वच्छता, शिक्षण, शेती, मृत मांस न खाणे, सरकारी नोकऱ्या या विषयांवरचे विचार ऐकले. दुसऱ्या दिवशी परिषद संपत आली असता सर्वांनी मिळून तळ्यावर जाण्याचे ठरले. चार-चारांच्या रांगा करून, कोणतीही दांडगाई न करता लोक तळ्याकडे निघाले. बाबासाहेब पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यांच्यामागून सर्वांनी.

त्यानंतर जे घडले तेही शिकविले पाहिजे. आता हे लोक विरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी हूल उठविण्यात आली आणि परतीच्या वाटेवरील, जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. त्या जमावात सैन्यातून आलेले, हाणामारीला न भिणारे अनेक जण होते. नेत्याने एक शब्द उच्चारला असता तर महाडचा इतिहास वेगळा झाला असता. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि फिर्याद नोंदविली. जूनमध्ये न्यायालयाने हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी दिली. इकडे तळे बाटले म्हणून 108 घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून ते शुद्ध करण्यात आले. 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. मिळालेला हक्क एका बैठकीत काढून घेता येतो, हेही याच तळ्याने शिकविले.

डिसेंबरमध्ये बाबासाहेब पुन्हा निघाले. मुंबईहून सुमारे दोनशे सहकाऱ्यांसह ‘पद्मावती’ बोटीने ते हरिहरेश्वराकडे आले आणि तेथून खाडीमार्गे दासगावला उतरले. पुढचे अंतर सर्वांनी पायी तोडले. परिषदेला महाडात जागा मिळू नये असे प्रयत्न चालले असता फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली. 25 डिसेंबर 1927 रोजी रात्री गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे जाहीर दहन झाले. ठराव मांडणारे सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. लढा जन्माने ठरलेल्या माणसांविरुद्ध नसून जन्मावर माणसाची किंमत ठरविणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध आहे, याचे याहून मोठे प्रमाण नाही. त्या ग्रंथाने स्त्रीलाही शूद्राच्याच पंक्तीला बसविले होते, म्हणून हा दिवस स्त्रीमुक्ती दिन म्हणूनही पाळला जातो. याच मुक्कामात बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली. राहणी, मुलींचे शिक्षण आणि स्वाभिमान यांविषयी ते त्यांच्याशी बोलले.

मात्र तळ्यावर जाणे त्या वेळी झाले नाही. काही सवर्णांनी तळे खासगी असल्याचा दावा लावून न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. हजारो लोक तुरुंगात जायला तयार असताना बाबासाहेबांनी न्यायालयाचा हुकूम मानण्याचा निर्णय घेतला. तळ्याभोवतालून शांत मिरवणूक निघाली आणि लोक परतले. त्यानंतर बाबासाहेब रायगड पाहून आले.

पुढे हा खटला जवळजवळ दहा वर्षे चालला. महाड, ठाणे आणि अखेर मुंबई उच्च न्यायालय. 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. अस्पृश्यांना मनाई असण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे दावा लावणाऱ्यांना सिद्ध करता आले नाही. इतिहासाच्या शिक्षकाने हा निकाल वर्गात सावकाश समजावून सांगावा. पूर्वापार चालत आले आहे, असे म्हणणाऱ्याला कोणी तरी विचारले की, केव्हापासून, आणि पुरावा काय? या एका प्रश्नापुढे रूढी टिकली नाही. पुरावा मागणे ही केवळ परीक्षेची पद्धत नसून मुक्तीचे साधन आहे, हे चवदार तळ्याच्या खटल्यात दिसते.

शेत, वसतिगृह आणि रंगमंच

आपल्या जिल्ह्याशी बाबासाहेबांचे नाते महाडपाशी संपत नाही. अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 साली कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा संप पुकारला. तो सुमारे सहा वर्षे चालला. 16 डिसेंबर 1934 रोजी बाबासाहेब चरीच्या शेतकरी परिषदेस आले. संपातील बहुसंख्य शेतकरी आगरी होते. पाण्याच्या हक्काचा लढा आणि कसणाऱ्याच्या हक्काचा लढा हे एकाच लढ्याचे दोन भाग आहेत, हे त्यांनी येण्यानेच सांगितले. पुढे 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि 10 जानेवारी 1938 रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती संपविणारा कायदा 1949 साली झाला. पेण-रोह्याच्या अनेक घरांत आज जो सातबारा कपाटात जपून ठेवलेला असतो, त्यामागे हा इतिहास आहे.

निवासी शाळेच्या स्मरणिकेत आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. 1925 साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. 1928 मध्ये बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या दलित वर्ग शिक्षण संस्थेने पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे, धारवाड येथे वसतिगृहे चालविली. पनवेल म्हणजे तेव्हाचा आपला कुलाबा जिल्हा. गावात शाळा असली तरी घरात दिवा नसतो, दिवा असला तरी पोटात अन्न नसते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून शिक्षणाच्या आधी त्यांनी राहण्याची आणि जेवणाची सोय पाहिली. आमच्या शाळेत संध्याकाळी त्रिशरण-पंचशील झाल्यावर मुले एका पंगतीत बसतात, तेव्हा त्या पंगतीचे मूळ या वसतिगृहांत आहे.

संस्कृतीच्या साधनांकडे बाबासाहेबांनी कधी तुच्छतेने पाहिले नाही. ज्या समाजाला वाचता येत नव्हते त्याच्यापर्यंत विचार पोहोचविण्याचे काम जलशांनी केले. सत्यशोधकांच्या जलशांची परंपरा पुढे नेत नाशिककडील भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी 1930 नंतरच्या काळात आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. ढोलकी-तुणतुण्याच्या साथीने सभा, ठराव, मतदान, शाळा हे विषय चावडीपुढे मांडले गेले. तो एका अर्थाने नागरिकशास्त्राचा फिरता वर्गच होता. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी लिहिलेले ‘युगयात्रा’ हे नाटक बाबासाहेबांसमोर सादर झाले. वेगवेगळ्या युगांतील दलितांच्या दुःखाचा इतिहास त्यात रंगमंचावर आणला होता. पुढे 1956 च्या नागपूरच्या दीक्षा सोहळ्याच्या वेळीही त्याचा प्रयोग झाला.

चित्रपटाचेही तसेच. आचार्य अत्रे यांनी ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढला, त्याचा मुहूर्त जानेवारी 1954 मध्ये बाबासाहेबांच्या हस्ते झाला. प्रकृती खालावलेली असतानाही ते स्टुडिओत गेले, कारण ज्यांना त्यांनी आपले गुरू मानले त्या जोतीरावांचे जीवन प्रथमच पडद्यावर येत होते. या चित्रपटाला पुढे राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले.

तळ्याचे कलम

29 ऑगस्ट 1947 रोजी संविधानाची मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. 26 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान स्वीकृत झाले. 395 कलमे आणि 8 अनुसूची. यातील कलम 15 चा दुसरा भाग रायगडच्या प्रत्येक मुलाने स्वतः वाचावा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणाही नागरिकाला ज्या ठिकाणी अडविता येणार नाही, त्यांची यादी तेथे आहे. दुकाने, उपाहारगृहे, सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे; आणि विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते.

एवढ्या मोठ्या देशाच्या मूलभूत कायद्यात विहीर आणि तलाव हे शब्द कसे आले, असे कोणी विचारले तर रायगडच्या मुलाने महाडकडे बोट दाखवावे. 1927 मध्ये ज्या पाण्यासाठी डोकी फुटली, ते पाणी बावीस वर्षांनी संविधानाच्या कलमात आले. त्याच यादीत करमणुकीची ठिकाणेही आहेत. म्हणजे नाट्यगृह आले, चित्रपटगृह आले. तळे आणि थिएटर एकाच कलमात शेजारी बसले आहेत.

14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपूर येथे कुशीनाराचे भदंत चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दीक्षा दिली. हा दिवस सम्राट अशोकाशी जोडलेला, आणि ते वर्ष बुद्धांच्या महापरिनिर्वाणाच्या 2500 व्या वर्षाचे. तारीख निवडतानाही शिक्षक जागा होता. लोकांच्या मनातील सणाला त्यांनी विसरलेल्या इतिहासाचे नाव परत दिले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, 6 डिसेंबर 1956 रोजी, दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज आपल्यापुढे

शिक्षक गेले, त्यांनी नेमून दिलेला अभ्यास उरला आहे. तो आपण कसा करतो?

जयंतीला आपल्या वस्त्या उजळून निघतात, याचा आनंद आहेच. ज्यांना शतकानुशतके मान खाली घालून चालावे लागले, त्यांनी वाजतगाजत चालावे, यात गैर काही नाही. परंतु आमचा अनुभव असा की, 20 मार्च ही तारीख बहुतेक मुले सांगतात, त्या दिवसाआधी कोणता ठराव झाला होता हे फार थोडी सांगतात, आणि त्यानंतर दहा वर्षे खटला चालला हे जवळजवळ कोणालाच ठाऊक नसते. स्थळ आणि पुरावा गळून पडले आहेत. कृतीच्या जागी मोठा आवाज आला आहे. घोषणा देणारी पिढी आणि ठराव वाचणारी पिढी या दोन वेगळ्या पिढ्या होऊ नयेत, ही आमची कळकळ आहे.

म्हणून गेली काही वर्षे आम्ही साधे प्रयोग करीत आहोत. पेणहून वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव या मार्गाने महाडला जाणाऱ्या मुलांच्या हाती आम्ही 1923 पासून 1937 पर्यंतच्या घटनांचा एक कागद देतो. जब्बार पटेल यांचा बाबासाहेबांवरील चित्रपट, श्याम बेनेगल यांची दहा भागांची ‘संविधान’ ही मालिका, ‘सत्यशोधक’ हा मराठी चित्रपट दाखविताना वहीचे दोन भाग करायला सांगतो: एकीकडे पडद्यावर काय दिसले, दुसरीकडे त्याची नोंद कोठे सापडते. चित्रपट मन हलवितो, हे त्याचे सामर्थ्य. परंतु दिग्दर्शकाने रचलेला संवाद आणि इतिहासातील नोंद यांतला फरक कळला नाही, तर उद्या कोणीही काहीही पडद्यावर दाखवून मुलांना पटवू शकेल. रोह्याच्या दक्षिणेकडील कुडा लेण्यांत मुलांना नेतो तेव्हा तेथील दानलेखांत माळी, वैद्य, लोखंडाचा व्यापारी यांची नावे असल्याचे सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वी कष्टकऱ्यांनी धम्माला दिलेल्या दानाची ती पावती आहे, हे ऐकताना मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते गुणपत्रिकेत दिसत नाही.

एका वर्षी चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर पेणच्या खारेपाटातील एका मुलीने विचारले की, बाबासाहेबांनी पाणी सर्वांना खुले केले, तर आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर का येतो? तिच्या तालुक्यात हेटवणे धरण आहे. त्या धरणाचे पाणी नवी मुंबईकडे जाते आणि खारेपाटातील गावे वर्षानुवर्षे पिण्याच्या पाण्यासाठी वाट पाहत आली आहेत. त्या दिवशी आम्ही तिला उत्तर दिले नाही; गृहपाठ दिला. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि पाटबंधारे विभाग यांपैकी पाण्याचा कोणता निर्णय कोण घेते, हे तिच्या गटाने महिनाभर शोधले. ग्रामसभेत अर्ज कसा द्यावा हे शिकून घेतले आणि सुटीत घरी गेल्यावर आपापल्या आईवडिलांना ग्रामसभेला पाठविले. नळ आला नाही. पण अर्जाची पोच मिळाली. त्या मुलांनी ती पोच शाळेच्या फलकावर आणून लावली. आमच्या मते त्या वर्षीची सर्वांत चांगली महाड क्रांतिदिनाची मानवंदना हीच होती.

पालकांना आमची विनंती आहे की, इतिहासाने पोट भरत नाही असे मुलांना सांगू नका. आपल्या मुलांच्या पोटात आज जे आहे, ते इतिहास शिकलेल्या एका माणसामुळे आहे. माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी एक पुस्तक वस्तीतील एखाद्या मॅट्रिक झालेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती ठेवा. केळुसकर गुरुजींनी ठेवले होते. कोणते पुस्तक कोणत्या हातात जाऊन पुढे काय करील, हे देणाऱ्याला कधीच ठाऊक नसते. त्याने देत राहावे.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!